पडद्यावरचा उस्ताद

मुलामुलींनो, मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारला होता. "शाळेबाहेरची कोणती गोष्ट तुम्ही मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून शिकलात?" प्रश्न विचारताच वर्गात एकच गलका झाला. कोणी मेंदी काढायला शिकले होते, कोणी बिर्याणी करायला, तर कोणी पतंगाला कन्नी बांधायला. एक जण लेगस्पिन टाकायला शिकला होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मी सायकलचे पंक्चर काढायला शिकलो."

मग मी दुसरा प्रश्न विचारला. "आत्ता इथे, सर्वांसमोर कोण करून दाखवील?" वर गेलेले हात पटापट खाली आले. मेंदी काढणाऱ्या दोघींचे हात तेवढे वर राहिले. पंक्चरवाल्या मुलाचा हात अर्धा वर, अर्धा खाली असा होता. त्याने व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. पण ट्यूबला हात लावला नव्हता!

एखादे काम पाहिले म्हणजे ते आले का? तुम्ही म्हणाल, "छे! नुसते पाहून कसे येईल?" पण थांबा. एका माणसाची हकिकत आधी ऐका.

आफ्रिका खंडात केनिया नावाचा देश आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत केनियाचे धावपटू जगात प्रसिद्ध आहेत. तिथे धावायला शिकवणारे पुष्कळ, पण भाला फेकायला शिकवणारे फारसे कोणी नव्हते. अशा देशात १९८९ साली ज्युलियस येगो याचा जन्म झाला. लहानपणी तो झाडाच्या फांदीचा भाला करून फेकत असे. मोठा झाल्यावर त्याला खरा भाला मिळाला, पण उस्ताद काही मिळेना. तेव्हा त्याने इंटरनेटवर भालाफेकीचे व्हिडिओ शोधले. चेक देशाचा यान झेलेझनी आणि नॉर्वेचा आंद्रेआस थोरकिल्डसन हे दोघे त्याचे पडद्यावरचे उस्ताद झाले. झेलेझनीने १९९२, १९९६ आणि २००० अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले होते. त्याने १९९६ साली ९८.४८ मीटर भाला फेकून केलेला विश्वविक्रम सर्वांना ठाऊक आहे. थोरकिल्डसनने २००४ आणि २००८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली होती. हे दोघे कसे धावतात, पाय कुठे रोवतात, हात कधी पुढे आणतात, हे येगो पुन्हा पुन्हा पाही आणि मैदानावर जाऊन तसे करी.

२०११ साली मोझांबिकमधील मापुतो शहरात आफ्रिका खंडाच्या क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत येगोने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला. २०१५ साली बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्याने ९२.७२ मीटर भाला फेकला आणि तो जगज्जेता झाला. इतक्या लांब भाला त्याआधी चौदा वर्षांत कोणी फेकला नव्हता. लोक त्याला कौतुकाने 'मिस्टर यूट्यूब' म्हणू लागले.

आता तुम्ही म्हणाल, "बघा सर, पाहून येते!" येगोची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. तिच्याकडे आपण पुन्हा वळू. आधी व्हिडिओत असे काय आहे, की ज्यामुळे उस्तादाशिवाय एवढी मजल मारता येते, ते पाहू.

समजा, भाला कसा फेकावा हे मला तुम्हांला पत्राने कळवायचे आहे. मी लिहीन : "पुरुषांच्या भाल्याचे वजन ८०० ग्रॅम आणि लांबी साधारण अडीच मीटरांपेक्षा थोडी जास्त असते. धावत यावे. शेवटच्या काही पावलांत अंग बाजूला वळवावे. भाल्याचा हात मागे सरळ ठेवावा. पुढचा पाय जमिनीत खुंटीसारखा रोवावा. मग आधी कंबर, नंतर छाती आणि शेवटी हात पुढे आणावा." यात चुकीचे काही नाही. पण 'शेवटी' म्हणजे केव्हा? पाय टेकल्यावर लगेच, की क्षणभराने? हे सगळे एका सेकंदाच्याही आत घडते. तो क्षण शब्दांत धरता येत नाही; डोळ्यांनी मात्र पकडता येतो. पडद्यावर तो थांबवता येतो, मागे नेता येतो, संथ गतीने पाहता येतो. मैदानावर बसून प्रत्यक्ष झेलेझनीला पाहणाऱ्या माणसालाही हे शक्य नव्हते.

तुमच्या ओळखीचे दुसरे उदाहरण घेऊ. उर्दूचे खुशखत लिहिण्यासाठी जो कलम लागतो, त्याला मराठीत बोरू म्हणतात. बोरूचे टोक तिरपे छाटावे, असे पुस्तकात लिहिलेले असते. किती तिरपे? चाकू कसा धरावा? अंगठा कुठे टेकवावा? जुन्या काळी खत्तात आपल्या शागिर्दाला शेजारी बसवून हे दाखवीत असे. ज्या गावात खत्तात नाही, त्या गावातल्या मुलाचे शिकणे तिथेच थांबे. आज खत्ताताच्या बोटांपासून वीतभर अंतरावर कॅमेरा असतो. शागिर्दाला शेजारी बसूनही जे दिसले नसते, ते आपल्याला घरी बसून दिसते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पडद्यावरचा उस्ताद कंटाळत नाही. तीच गोष्ट दहा वेळा विचारली तर आम्ही शिक्षकही कधी कधी कपाळाला आठ्या घालतो. खोटे कशाला बोलू? पडद्यासमोर कोणी हसत नाही, कोणी नावे ठेवत नाही. दिवसभर घरकाम करणारी बाई रात्री भांडी आवरल्यावर शिकू शकते. ज्या मुलीला दूरच्या क्लासला जाता येत नाही, तिलाही शिकता येते.

ही सोय फार जुनी नाही. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. तो होता जावेद करीम या तरुणाचा. त्याचे वडील बांगलादेशी आणि आई जर्मन. अमेरिकेतील सॅन दिएगो शहराच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून तो हत्तींच्या लांब सोंडांविषयी काहीतरी बोलतो, एवढाच तो व्हिडिओ. लांबी अवघी १९ सेकंद! त्यातून कोणी काही हुन्नर शिकले नसेल. पण कोणीही आपला व्हिडिओ जगापुढे ठेवू शकतो, हे त्यातून दिसले आणि मग सुतार, गवंडी, शिंपी, गणिताचे शिक्षक, सगळेच आपापले काम दाखवू लागले.

आता माझ्या वर्गातल्या त्या खाली आलेल्या हातांकडे वळू.

२०१८ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावर बशा आणि पेले मांडलेले आहेत आणि खालची चादर एका झटक्यात ओढली, तरी एकही पेला पडत नाही, असा खेळ तुम्ही पाहिला असेल. त्या खेळाचा काही सेकंदांचा व्हिडिओ त्यांनी काही लोकांना एकदा आणि काहींना वीस वेळा दाखवला. मग विचारले, "तुम्हांला हे जमेल का?" वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असे जास्त वाटले.

वाटणे ठीक, पण प्रत्यक्षात काय? दुसऱ्या प्रयोगात त्यांनी लोकांना गोल फळ्यावर छोटे बाण फेकायला लावले. इथेही काहींनी व्हिडिओ एकदा पाहिला होता, तर काहींनी वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांनी आपल्याला जास्त गुण मिळतील असे सांगितले. बाण फेकल्यावर दिसले, की त्यांना एकदा पाहणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळालेच नाहीत. पाहण्याने त्यांचा भरवसा वाढला, नेम नाही वाढला.

तिसरा प्रयोग मला सर्वांत आवडतो. बाटलीच्या आकाराच्या जड लाकडी दांड्या हवेत फेकून झेलण्याचा खेळ लोकांना दाखवला. मग त्यांतल्या काही जणांच्या हाती त्या दांड्या नुसत्या दिल्या. फेकायला नव्हे, फक्त धरून पाहायला. दांडी हाती येताच त्यांचा भरवसा खाली आला. तिचे वजन पडद्यावर दिसत नव्हते, ते हाताला कळले.

येथे मला एका शब्दाची आठवण होते. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ थोडा बदलला. मराठीत नाटकाची तालीम असते, म्हणजे प्रयोगाआधीचा सराव. पहिलवान जिथे घाम गाळतात, त्या जागेलाही तालीम म्हणतात. व्हिडिओतून आपल्याला मिळते ती उर्दूतली तालीम. मराठीतली तालीम मात्र आपली आपल्यालाच करावी लागते. (परीक्षेत अर्थ विचारला, तर मराठीतला लिहा बरे का!)

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. दहावी झाल्यावर घरच्या अडचणीमुळे तिचे शिक्षण थांबले. घरात आईचे जुने शिलाई मशीन होते. व्हिडिओ पाहून ती कुर्ते शिवायला शिकली. आधी जुन्या चादरी कापल्या, मग स्वतःचे कपडे शिवले. शेजारणी कौतुक करू लागल्या. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात एका बाईंनी तिला ईदसाठी कुर्ता शिवायला दिला. कापड महागाचे होते. तिची ही पहिलीच कमाई होणार होती.

कुर्ता कापताना कापडाची उभी घडी घालतात आणि घडीच्या कडेपासून माप घेतात. घडी उलगडली की माप दुप्पट होते. म्हणून गळा सहा इंच रुंद हवा असेल, तर घडीवर तीनच इंचांची खूण करायची असते. व्हिडिओतली बाई "तीन इंच" म्हणून पुढे गेली होती. तो सहाचा निम्मा आकडा आहे, हे तिने सांगितले नव्हते. तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखे नव्हतेच. या मुलीने आजवर व्हिडिओतलीच मापे घेतली होती, त्यामुळे चूक झाली नव्हती. या वेळी तिने गिऱ्हाइकाच्या गळ्याचे माप स्वतः घेतले. ते सहा इंच आले. तिने घडीवर सहा इंचांची खूण केली आणि कात्री चालवली.

घडी उलगडली, तेव्हा गळा बारा इंचांचा झाला होता. कुर्ता खांद्यावर टिकणेच शक्य नव्हते. ईद चार दिवसांवर आलेली. कापडाचे पैसे भरून द्यायला घरात पैसे नाहीत. ती रात्रभर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत राहिली. व्हिडिओतली बाई प्रत्येक वेळी हसतमुखाने "तीन इंच" म्हणत होती आणि चूक कुठे झाली ते काही सापडत नव्हते.

सकाळी आईने तिला गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपी मास्टरांकडे नेले. त्यांनी कापड हातात घेतले, घडी घातली आणि लगेच म्हणाले, "बेटी, पूरा माप घडी पे ले लिया!" त्यांना तिची चूक कळायला काही क्षण पुरले. मग त्यांनीच उपाय सांगितला. उरलेल्या कापडाचे आणि दुसऱ्या रंगाच्या पट्टीचे वेगळे तुकडे कापून छातीच्या वर जोडायचे आणि त्यांवर नवा गळा काढायचा. असा कुर्ता निघतो, त्याला योकचा कुर्ता म्हणतात. तिने दोन रात्री बसून तो पुरा केला. झालेली चूक तिने बाईंना आधीच सांगितली. बाईंनी कुर्ता घेतला, पण शिलाई निम्मीच दिली. तिची पहिली कमाई निम्मी झाली. मला विचाराल, तर ती निम्मी शिलाई न्याय्य होती. तिला मात्र अजून तसे वाटत नाही.

व्हिडिओतल्या बाईचा यात काही दोष नव्हता. ती चांगलीच शिकवत होती. पण आपण पडद्यावरच्या उस्तादाला पाहू शकतो, पडद्यावरचा उस्ताद आपल्याला पाहू शकत नाही. आपली कात्री कुठे चालली आहे, हे त्याला दिसत नाही.

आता येगोच्या गोष्टीचा राहिलेला भाग. मापुतोच्या विजयानंतर त्याला परदेशात प्रशिक्षणाची संधी मिळाली. तो फिनलंड देशात गेला. फिनलंड म्हणजे भालाफेकीचे माहेरघर. तिथे पेत्तेरी पिरोनेन या प्रशिक्षकाने त्याचा भाला प्रत्यक्ष पाहिला आणि त्याच्या फेकीतल्या उणिवा दाखवून दिल्या. म्हणजे 'मिस्टर यूट्यूब'लाही शेवटी दोन जिवंत डोळे लागलेच. व्हिडिओने त्याला केनियातून उचलून त्या डोळ्यांपर्यंत पोहोचवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने ८८.२४ मीटर भाला फेकून रौप्यपदक मिळवले.

आपल्या नीरज चोप्रानेही लहान वयात झेलेझनीचे व्हिडिओ तासन्‌तास पाहिले होते. २०२१ साली तोक्योला त्याने सुवर्णपदक जिंकले. पुढे २०२४ च्या अखेरीस त्याने प्रशिक्षक म्हणून कोणाला निवडले असेल? खुद्द यान झेलेझनीला! ज्याला पडद्यावर पाहिले, त्यालाच त्याने मैदानावर बोलावले. हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. तुमच्या-माझ्यासाठी गल्लीतले शिंपी मास्टर आहेत, कोपऱ्यावरचा सायकलवाला आहे, शेजारची खाला आहे.

मग व्हिडिओ पाहावा तरी कसा? काम हाताशी घेऊन पाहावा. चाकू आणि बोरू समोर असल्याशिवाय बोरू छाटण्याचा व्हिडिओ सुरू करू नये. थोडे पाहावे, थांबवावे, तेवढे करावे, मग पुढे जावे. सारा व्हिडिओ पाहून 'उद्या करू' म्हटले, की तो भरवसा तेवढा वाढतो; तो किती पोकळ असतो हे आता तुम्हांला ठाऊक आहे. मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, त्याचा उपयोग करावा. स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढून उस्तादाच्या हातांशी ताडून पाहावा. आपलाच हात दुरून पाहिला की चुका दिसू लागतात. जी दिसत नाही, ती जाणकाराला दाखवावी.

व्हिडिओ निवडतानाही डोळे उघडे ठेवा. शिकवणाऱ्याचा चेहराच जास्त दिसतो, की हात? तो चुका कशा होतात हे दाखवतो का? मला तर चुका दाखवणारा उस्ताद पाहताक्षणी खरा वाटतो. विजेची दुरुस्ती, गॅसची शेगडी, औषधे, साप पकडणे, अशा गोष्टी मात्र पडद्यावरून शिकून करू नका. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. तिथे चूक झाली, तर योक लावून दुरुस्त होत नाही.

आणि एक पाहा, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. बोरू छाटायला बसलेला मुलगा अर्ध्या तासाने क्रिकेटचे षटकार पाहत बसलेला मी पाहिला आहे. त्याचे नाव सांगत नाही. तो हा धडा वाचणार आहे.

तर त्या पंक्चरवाल्या मुलाचे काय झाले?

पुढच्या शुक्रवारी तो जुनी ट्यूब, पंप, कानस, सोल्यूशनची नळी आणि पाण्याची बादली घेऊन वर्गात आला. त्याने ट्यूबमध्ये हवा भरली, ती पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहून भोक शोधले, ट्यूब कोरडी करून कानशीने घासली, सोल्यूशन लावले आणि लगेच वर पॅच दाबून बसवला. सगळे अगदी व्हिडिओत होते तसे. हवा भरून ट्यूब पाण्यात घातली आणि पॅचच्या कडेने बुडबुडे वर आले! मुले हसू लागली. त्याचा चेहरा उतरला.

मी म्हटले, "व्हिडिओ पुन्हा लावा. आता सगळे मिळून पाहू." वर्गात व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. दोनदा पाहूनही कोणाला काही सापडले नाही. तिसऱ्यांदा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, थांबवा! त्याच्या हाताची सावली बघा." आम्ही व्हिडिओ मागे नेला. सोल्यूशन लावताना हाताची सावली बादलीच्या एका बाजूला होती. पुढच्याच क्षणी, पॅच लावताना, ती बरीच सरकलेली होती. सोल्यूशनही आधी ओले, चमकणारे होते. नंतर ते मंद, सुकलेले दिसत होते. मधला वेळ व्हिडिओतून कापून टाकला होता. सोल्यूशन सुकायला वाट पाहावी लागते आणि वाट पाहणे कोणाला पाहायला आवडणार?

मुलाने जुना पॅच काढला, ट्यूब पुसून पुन्हा घासली आणि सोल्यूशन लावले. सगळा वर्ग गप्प बसून त्या ट्यूबकडे पाहत राहिला. पाच मिनिटे गेली. त्याने पाठीमागून बोटाचा स्पर्श करून पाहिला, मग पॅच बसवला, अंगठ्याने दाबला, हवा भरली आणि ट्यूब हळूच पाण्यात बुडवली. सगळ्यांनी बादलीत डोकावून पाहिले. पाणी स्थिर होते.